छोट्या डब्याची मोठी भुणभुण

घरातला कॉम्प्युटर गेल्या वीस वर्षांत भलताच बारीक झाला आहे. पूर्वी टेबलाखाली पत्र्याचा एक मोठा डबा असायचा. त्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणायचो. खरं तर सीपीयू म्हणजे त्या डब्याच्या पोटातली एक चिप, पण शब्द रुळला तो रुळलाच. आता तोच डबा मिठाईच्या पुड्याएवढा झालाय. ॲपलने २००५ साली मॅक मिनी आणला, पुढे इंटेलने तळहातावर मावेल असा ‘नक’ काढला, आणि आता तर बँका-कंपन्यांमधून निघालेले लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी असे जेमतेम लिटरभर मापाचे डबे ‘रिफर्बिश्ड’ म्हणून तालुक्याच्या दुकानांतही मिळतात. जागा कमी, वीज कमी, किंमत कमी. दोन खोल्यांच्या घरात आणखी काय हवं?

हवी असते शांतता! आणि नेमकी तीच हे डबे कधी कधी हिरावून घेतात.

माझी एक मैत्रीण घरबसल्या टायपिंग, लग्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म भरून देणं अशी कामं करते. घर दोन खोल्यांचं. दिवसभर स्वयंपाक, मुलाची शाळा, येणारे-जाणारे. कामाला निवांत वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर. आणि नेमका तेव्हाच तिचा तो छोटा डबा किंचाळायला लागायचा. आधी सों सों, मग खरखर. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज यायचा, “अगं, बंद कर ना बाई ती भुणभुण! डोळ्याला डोळा लागत नाहीये.” नवरा म्हणायचा, “दिवसा कर ना काम.” दिवसा कधी करायचं, हे मात्र कुणी सांगायचं नाही. शेवटी तिनं चार-पाच कामं परत केली. त्यात वर्षाच्या बोलीवर मिळणारं एका संस्थेचं टायपिंगही गेलं.

पहिल्या दुकानात तिला काय ऐकायला मिळालं माहितीये? “ताई, बोर्ड गेलाय. नवीनच घ्या. साहेबांना पाठवा, मी त्यांना समजावतो.” साहेबांनी ते मशीन कधी चालूसुद्धा केलेलं नव्हतं! दुसऱ्या मेकॅनिकनं डबा तिच्यासमोर उघडला. आत फॅनच्या तोंडाशी धुळीची चक्क गोधडी तयार झाली होती. शेजारीच शिवणयंत्र, त्यामुळे कापडाची तूसही त्यात होती. साफ केल्यावर सों सों निम्म्याने कमी झाली. खरखर राहिली, ती फॅनच्या झिजलेल्या बेअरिंगची होती. फॅन बदलला, काही शे रुपयांत काम झालं. बोर्ड ठणठणीत.

म्हणून म्हणते मैत्रिणींनो, हा विषय ‘पुरुषांचा’ म्हणून सोडून देऊ नका. मिक्सरचं भांडं घेताना आपण पातं, झाकण, वॉशर सगळं पारखतो ना? त्याहून हे अवघड नाही.

आता पहिला प्रश्न. छोटा फॅन इतका ओरडतो का?

भाकरीचं उदाहरण घेऊ. चार इंची आणि आठ इंची भाकरीत रुंदी दुप्पट, पण त्याच जाडीला पीठ लागतं चौपट. फॅनच्या तोंडाचं तसंच आहे. ८० मिलिमीटरच्या फॅनचं तोंड ४० मिलिमीटरवाल्याच्या चौपट असतं. छोट्याला तेवढीच हवा ढकलायची म्हटलं की भराभर फिरावं लागतं. १२० मिलिमीटरचा फॅन मिनिटाला हजार फेऱ्यांत जे काम सहज करतो, त्यासाठी ४० वाला पाच हजार फेरे घेतो आणि तरीही मागेच पडतो. शिवाय आवाजाची जातही बदलते. सात पात्यांचा फॅन मिनिटाला पाच हजार फेरे फिरला, तर हवेला सेकंदाला जवळजवळ ५८० धक्के बसतात. तोच हजार फेऱ्यांवर असेल तर ११७ च्या आसपास. पहिला आवाज डासासारखा कानात शिरतो, दुसरा दुरून येणाऱ्या पिठाच्या गिरणीसारखा, पण फार हलका. आपल्या कानाला खर्जातला आवाज कमी बोचतो, म्हणून डासच जास्त त्रास देतो.

आणि वेग कमी केल्याचा फायदा किती मोठा असतो, ते ऐका. त्याच फॅनचे फेरे निम्मे केले की आवाज साधारण पंधरा डेसिबलने खाली येतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो, तेव्हा पंधरा म्हणजे चांगलाच फरक. हवा मात्र निम्मीच मिळते, हे विसरायचं नाही. त्यामुळे माझ्या मते फॅन निवडताना बाकी सगळं नंतर, आधी एकच बघावं: आपल्या डब्यात मावेल तेवढा मोठा फॅन घ्यावा आणि तो हळू फिरवावा. छोटा आणि जोरदार फॅन घेऊन ‘पॉवर’ मिळवण्याच्या फंदात पडू नये.

आता जाडीकडे वळू. नेहमीच्या मोठ्या कॅबिनेटचे फॅन २५ मिलिमीटर जाड असतात. ‘स्लिम’ म्हणून मिळतात ते साधारण १५ मिलिमीटरचे, आणि अगदी छोट्या ४० मिलिमीटरच्या फॅनमध्ये तर १० मिलिमीटरही. स्लिम म्हटलं की आपल्याला काहीतरी भारी, आधुनिक वाटतं. फॅनच्या बाबतीत ते तसं नाही हो! जागा नाही म्हणून केलेली ती तडजोड आहे. पात्यांना खोली मिळाली नाही की हवेला दाब देता येत नाही.

दाब म्हणजे काय, हे चूल पेटवलेल्या बाईला सांगायला नको. सुपाने वारा घातला तर खूप हवा येते, पण ती निखाऱ्यांच्या आत शिरत नाही. फुंकणीतून हवा थोडीच येते, पण थेट आत घुसते. कॉम्प्युटरच्या चिपवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. त्या पट्ट्यांच्या फटींतून हवा काढायला फुंकणीची ताकद लागते. जाड फॅनमध्ये ती जास्त असते, चपट्यात कमी. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने स्वतःच छापलेले आकडे बघा: त्यांच्या ४० मिलिमीटरच्या फॅनमध्ये १० मिलिमीटर जाडीचा १७.९ डेसिबल आवाज करतो, तर २० मिलिमीटर जाडीचा १४.९. आणि जाडा फॅन कमी आवाजात हवाही जास्त देतो! म्हणजे पाच मिलिमीटर जागा उरत असेल तर उगाच चपटा घेऊ नये. आधी पट्टी घ्या, मोजा, मग दुकानाची पायरी चढा.

मोजताना एक गडबड हमखास होते. फॅनचं माप म्हणजे त्याच्या चौकटीची बाहेरची रुंदी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर नव्हे. १२० च्या फॅनची भोकं १०५ मिलिमीटरवर असतात, ९२ ची ८२.५ वर, ८० ची ७१.५ वर, आणि ४० ची ३२ वर. कुणी नुसती भोकं मोजून ‘मला १०५ चा द्या’ म्हटलं की दुकानदार चक्रावणारच. फॅनसमोर हवेला येण्यासाठी थोडी मोकळी जागाही सोडावी लागते. पात्याला अगदी चिकटून जाळी असेल तर चांगला फॅनही गुणगुणू लागतो, आणि स्लिम फॅन तर याबाबतीत फारच नाजूक.

हे झालं चौकोनी फॅनचं. मिनी डब्यांत आणि लॅपटॉपमध्ये मात्र बरेचदा गोगलगाईसारखा फॅन असतो. हवा मधून घेतो आणि एका बाजूने फेकतो. याला ब्लोअर म्हणतात. तो ज्या त्या मॉडेलसाठी वेगळा असतो, दुसरा ‘बसवून देतो’ म्हटलं तरी नीट बसत नाही. त्याच्या स्टिकरवर एक नंबर असतो, त्याचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुणी जाणार असेल, तर तो फोटोच पाठवायचा. ‘डेलचा छोटा फॅन’ एवढ्यावर काही मिळत नाही.

स्टिकरवर आणखी एक महत्त्वाची गोष्ट असते, ती म्हणजे व्होल्ट. फॅन ५ व्होल्टचे असतात आणि १२ व्होल्टचेही. ५ चा फॅन १२ वर लावला तर जळतो. १२ चा ५ वर लावला तर एकतर फिरतच नाही, नाहीतर फारच हळू फिरतो. यूएसबीच्या भोकातून मिळतात ५ व्होल्ट, हे लक्षात ठेवलं तरी निम्मे घोटाळे टळतील. मग येतात वायरी. दोन वायरींचा फॅन फक्त फिरतो. तिसरी वायर ‘मी किती फिरतोय’ हे कॉम्प्युटरला कळवते. चौथी वायर असली की कॉम्प्युटर त्याला ‘आता हळू, आता जोरात’ असं सांगू शकतो. रात्री काम करणाऱ्या बाईनं चार पिनांचाच फॅन मागावा, बोर्डवर तशी जागा असेल तर. साधं टायपिंग चालू असताना फॅनला धावायचं कारणच नसतं. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ या पत्त्याच्या कॅटएवढ्या कॉम्प्युटरचा अधिकृत फॅन तर चिप ५० अंशांपर्यंत तापेस्तोवर फिरतच नाही. (मुलांच्या शाळेतल्या प्रोजेक्टमुळे हा प्राणी आता पुष्कळ घरांत येऊ लागलाय.)

बऱ्याच मशीनमध्ये चालू करतानाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायॉसमध्ये, फॅनसाठी ‘सायलेंट’ किंवा ‘क्वाएट’ असा पर्याय असतो. पैसे खर्च करण्याआधी मेकॅनिकला तो बघायला सांगा. आपल्या कानाला एकसारखा हलका आवाज फारसा खुपत नाही. घरातल्या छताच्या पंख्याखाली आपण घोरतोच की! आवाज सारखा वर-खाली झाला की झोप मोडते. ती चढ-उतार या सेटिंगमध्ये कमी करता येते.

बेअरिंगबद्दल दोन शब्द. स्वस्त फॅनमध्ये ‘स्लीव्ह’ बेअरिंग असतं. सुरुवातीला अगदी गप्प, पण उष्णतेने त्यातलं तेल वाळत जातं आणि मग खरखर सुरू होते. फॅन आडवा, म्हणजे ताटासारखा बसवला असेल तर हे लवकर होतं, आणि मिनी डब्यांत तो बहुतेकदा तसाच असतो. ‘बॉल’ बेअरिंग टिकतं, पण किंचित आवाज करतं. ‘फ्लुइड डायनॅमिक’ किंवा ‘हायड्रॉलिक’ असं लिहिलेलं मधलं, म्हणजे शांतही आणि टिकाऊही. किंमत थोडी जास्त पडते. रोज चार-पाच तास मशीनवर बसणारीला ती परवडते, असं मला वाटतं. महिन्यातून दोनदा लाइटबिल भरण्यापुरता कॉम्प्युटर लावणारीनं साधा घेतला तरी काही बिघडत नाही.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्याला मात्र फार भुलू नका. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे (वरातीतल्या डीजेला हे कधी कळणार कोण जाणे!). फॅनच्या खोक्यावर असतात २०-२५. मग तो सतावतो का? एकतर हा आकडा साधारणपणे मीटरभर अंतरावरून, सुट्या फॅनचा घेतलेला असतो. आपला डबा असतो कानापासून हातभर, आणि फॅन जाळी-पत्र्याच्या आत कोंबलेला. दुसरं म्हणजे प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत वेगळी. एकाच कंपनीच्या दोन फॅनची तुलना करायला आकडा कामाला येतो, दोन कंपन्यांची करायला नाही. खोक्यावर फेऱ्यांचा आकडाच नसेल, नुसतं ‘सुपर सायलेंट’ लिहिलेलं असेल, तर मी तो फॅन तिथेच ठेवून पुढे जाईन.

कधी कधी दोष फॅनचा नसतोच. पोकळ प्लायवूडच्या टेबलावर डबा ठेवला की टेबलच तबल्यासारखं वाजतं. जुन्या माउसपॅडचे चार तुकडे कापून कोपऱ्यांखाली ठेवा, फक्त खालची भोकं बुजवू नका. आवाज कान देऊन ऐकला तर बरंच कळतं. सों सों म्हणजे हवा, डबा तापलाय किंवा धूळ बसलीय. खरखर म्हणजे बेअरिंग. टिकटिक म्हणजे एखादी वायर पात्याला लागतेय. गुणगुण आणि हात ठेवल्यावर थांबते, तर समजा थरथर आहे, स्क्रू आवळून किंवा रबराचे खुंट लावून जाते. दुकानात जाऊन ‘आवाज येतोय’ म्हणण्यापेक्षा ‘खरखर येतेय’ म्हटलं की समोरच्याचा सूरच बदलतो, अनुभव घेऊन बघा.

आणि उन्हाळा! फॅन हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा आत ढकलतो. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखालची खोली ४० अंशांवर असते. मग डिसेंबरात गप्प असणारा फॅन मेमध्ये ओरडणारच. त्यात बिघाड काही नाही. चिपसुद्धा तशी चिवट असते. आजकालच्या बऱ्याच चिपा शंभर अंशांच्या आसपास गेल्यावर आपोआप काम हळू करतात, अगदीच असह्य झालं तर मशीन बंद पडतं. तेव्हा उन्हाळ्यात मशीन बंद पडलं म्हणजे लगेच ‘बोर्ड गेला’ असं मानू नका. आधी धूळ काढून बघा. कूलरच्या थेट झोतात डबा ठेवण्याचा मोह मात्र टाळा, ती हवा दमट असते. कोकणातल्या मैत्रिणींना दमट, खारट हवेचा वेगळा ताप. तिथे धूळ नुसती बसत नाही, चिकटून राहते.

स्वयंपाकघर शेजारी असेल तर फोडणीच्या वाफेतलं तेल धुळीत मिसळतं आणि फॅनवर लोण्यासारखा थर चढतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा मशीन बंद करून, प्लग काढून, रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशने जाळी झाडावी. आत ब्लोअरने हवा मारणार असाल तर आधी फॅनची पाती झाडूच्या काडीने अडवून धरा. नाहीतर वाऱ्याने फॅन नको इतका गरगर फिरतो आणि बेअरिंग जातं. हीटसिंक उचलून साफ करायचं काम मात्र मेकॅनिकवर सोपवा, कारण चिप आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट तेव्हा नव्याने लावावी लागते. ती लावलीत ना, एवढं विचारायचं.

आता वायफायचा राउटर आणि सेट टॉप बॉक्स. यांना बहुतेक वेळा फॅन नसतोच, अंगावरच्या भोकांतून ते श्वास घेतात. आणि आपण काय करतो? त्यांच्यावर छानसा क्रोशाचा रुमाल घालतो! वर गणपतीची मूर्ती किंवा रिमोटचा ढीग. रुमाल काढा, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, एकावर एक रचू नका. एवढ्याने भागलं नाही, तर शेजारी यूएसबीवर चालणारा ५ व्होल्टचा ८० किंवा १२० मिलिमीटरचा फॅन हळू वेगावर ठेवा. बंद कपाटात डबा ठेवायचाच असेल तर मागच्या फळीला दोन मोठी भोकं हवीत, एक खाली आणि एक वर.

नवा फॅन बसवताना त्याची दिशाही तपासून घ्या. ज्या बाजूला स्टिकर आणि दांड्या असतात, त्या बाजूने साधारणपणे हवा बाहेर पडते. खात्री करायची तर उदबत्ती धरा, धूर कुठे जातो ते दिसतंच. हवा खालून आत आणि वरून किंवा मागून बाहेर अशी जायला हवी. उलटा बसवलेला फॅन फिरतो झकास, पण गरम हवा आतच घुमवत बसतो.

दुकानात जाताना जुना फॅन पिशवीत टाकून न्या. समोर जोडून, फिरवून दाखवायला सांगा आणि कान जवळ नेऊन ऐका, संकोच करू नका. चांगल्या कंपन्या फॅनला बरीच वर्षं वॉरंटी देतात, नॉक्टुआची सहा वर्षांची आहे. पण त्यासाठी पक्कं बिल लागतं. बिलावर नुसतं ‘फॅन १ नग’ नको, मॉडेल नंबर आणि तारीख लिहून घ्या. आणि हो, बिल तुमच्या नावाचं करायला सांगा.